८० अक्षरांची हद्द

एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला पहिलावहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवावा, तर बग (कोडमधली चूक) राहतो बाजूला आणि आधी शेरा येतो ओळीच्या लांबीवर. नव्या माणसाला हा निव्वळ खवचटपणा वाटतो. पण कोडची एक ओळ ८० अक्षरांपलीकडे जाऊ नये हा नियम मुळात कुणाच्या आवडीनिवडीतून आलेला नाही, तो जाड कागदातून आला आहे.

आयबीएमने १९२८ साली आयताकृती भोकांचं पंचकार्ड आणलं, भोकं पाडून माहिती नोंदवायचं जाड कागदाचं कार्ड. त्यात ८० रकाने होते, एका रकान्यात एक अक्षर. पुढे फोरट्रान या भाषेचा कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) त्यातले पहिले ७२च वाचायचा. उरलेल्या आठांत कार्डाचा क्रमांक टाकायचा, म्हणजे गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर विखुरला तरी पुन्हा लावता येई. कार्डं गेली, टर्मिनल (पडदा आणि कळफलक असलेली यंत्रं) आले, तरी पडद्याची रुंदी ८०च राहिली. १९७८चं व्हीटी१०० हे त्यातलं गाजलेलं यंत्र.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, तीच हद्द धरली, वर इंडेंट (ओळीच्या सुरुवातीला सोडायची मोकळी जागा) आठ अक्षरांचा. तीनपेक्षा जास्त पातळ्या आत शिरावं लागत असेल तर आधी कोड सुधारा, असं लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी कर्नलच्या नियमावलीत ठणकावलं आहे. ग्नू या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची नियमावली छापून घ्या, पण वाचू नका, जाळून टाका, हा सल्लाही तिथलाच. (थट्टा खरी, पण इंडेंटवरून माणसं किती इरेला पेटतात ते कळतं.)

पायथन भाषेची पेप ८ ही नियमावली आली २००१ साली. तिथे कोडच्या ओळीला ७९ अक्षरं, कॉमेंटला (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपेला) ७२. शिवाय कॉमेंट इंग्रजीतच लिहा, आपली भाषा न येणारा कुणी हा कोड कधीच वाचणार नाही अशी १२० टक्के खात्री असेल तरच सूट. मराठी माणसाला हे टोचेल, पण पुण्यात लिहिलेला कोड उद्या ब्राझीलमधलं कुणीतरी दुरुस्त करणार असेल तर मला ते पटतं.

२००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेने हा वाद घालायला जागाच ठेवली नाही. तिच्यासोबत येणारा गोफमट हा प्रोग्राम कोड स्वतःच मांडून देतो, त्यात आवडीनिवडीला वाव नाही. गंमत म्हणजे ओळीच्या लांबीवर त्याची काहीच मर्यादा नाही.

पॅच नियमात बसतो का ते तपासणाऱ्या कर्नलच्या चेकपॅच स्क्रिप्टनेही २०२० साली इशाऱ्याची हद्द १०० वर नेली. नियमावलीत मात्र पसंती ८०लाच आहे. अपवाद वापरणाऱ्याला दिसणाऱ्या संदेशांचा. ते कितीही लांबले तरी तोडायचे नाहीत, कारण तोडलेली ओळ ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रामला सापडत नाही.