व्हीबी सहाच्या पुढे रस्ता का तुटला?

विंडोजवर नुसती रिकामी खिडकी दाखवायलाही सी भाषेत पानभर कोड लागायचा. 1991 साली मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) ही प्रोग्रॅमिंग भाषा आली आणि बटण फॉर्मवर, म्हणजे कोऱ्या खिडकीवर, ओढायचं, डबल-क्लिक करायचं, उघडलेल्या प्रोसीजरमध्ये (कोडच्या तुकड्यात) कोड लिहायचा, इतकंच उरलं. 1993 च्या तिसऱ्या आवृत्तीत डेटाबेसची जोड मिळाली. 1995 चं डेल्फी हे तसंच दुसरं साधन खरं तर सरस होतं. ते पहिल्यापासून थेट मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारा कोड, बनवायचं. व्हीबीला ते 1997 च्या पाचव्या आवृत्तीत जमलं. तरी 1998 ची सहावी आवृत्तीच घरोघरी पोचली.

वाद पेटला तो पुढच्या पायरीवर. 2002 मध्ये डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या नव्या प्लॅटफॉर्मवर आलेली भाषा नावानं व्हिज्युअल बेसिक, पण जुना कोड तिच्यात जसाच्या तसा चालेना. इंटिजर (पूर्णांक) 16 बिटांचा होता तो 32 बिटांचा झाला, कुठलीही किंमत ठेवता येणारा व्हेरियंट गेला, एकाच नावाची अनेक बटणं-खोकी एकत्र हाताळणारे कंट्रोल अ‍ॅरे गेले. प्रोसीजरला दिलेली किंमत, म्हणजे पॅरामीटर, आधी न सांगता बायरेफ (मूळ किंमतच) धरला जायचा, आता बायव्हॅल (तिची प्रत). यातलं शेवटचं सगळ्यात छळवादी, कारण बायव्हॅल लिहिलं की प्रोसीजरमध्ये बदललेली किंमत बाहेर पोचत नाही आणि एररही येत नाही. बेरीज तेवढी चुकते. कन्व्हर्जन विझार्ड सोबत होता, पण मोठ्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या सूचनांची यादी निस्तरण्यापेक्षा नव्यानं लिहिणं परवडायचं.

भाषा साफ करायलाच हवी होती, ही निर्मात्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शिवाय बीटाच्या काळात ओरड झाल्यावर त्यांनी काही बदल मागेही घेतले: ट्रू म्हणजे ‘खरं’ याची आकड्यातली किंमत उणे एकच राहिली, डिम ए(10) असं लिहून केलेल्या यादीत पूर्वीसारखी शून्य ते दहा अशी अकराच घरं राहिली. पण जुनी भाषा वेगळी चालू ठेवा, ही 2005 ची जाहीर मागणी त्यांनी मानली नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच झाली. त्याच वर्षी व्हीबी सहाचा मुख्य सपोर्ट संपला, 2008 मध्ये उरलासुरलाही.

व्हीबी सहाचा रनटाइम, म्हणजे तिचे प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या फाइली, मात्र विंडोज 11 मध्येही येतो, त्यामुळे जुनी एक्सई (तयार प्रोग्रॅमची फाइल) आजही उघडते. मराठीवाल्यांची अडचण वेगळी. सहाव्या आवृत्तीच्या नेहमीच्या टेक्स्टबॉक्समध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत) देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून तेव्हा नावं-पत्ते जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवले गेले. डेटाबेस नव्या प्रोग्रॅमला जोडला तरी ती नावं आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात, आणि जोडाक्षरं नि रफार तपासायला माणूस बसवावाच लागतो.