खोटी दैवते (ख्रिस्ती संकल्पना व गोव्यातील व्यवहार)

खोटी दैवते : देवाच्या जागी माणूस ज्याच्यावर भरवसा टाकतो ते खोटे दैवत, अशी ही ज्यू व ख्रिस्ती धर्मविचारातील संकल्पना आहे. ते दैवत दगडाचे, लाकडाचे, सोन्याचे असेल किंवा त्याला आकारच नसेल. कसोटी साहित्याची नाही, विसंबण्याची आहे. गोव्यात ही शिकवण सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबर आली. राज्यकर्त्यांच्या हातात मात्र कसोटी उलटली. भरवसा डोळ्यांना दिसत नाही, मूर्ती दिसते. म्हणून कायदा मूर्तीमागे लागला.

संकल्पनेचा पाया बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील दहा आज्ञांत आहे. वेगळे देव मानू नयेत आणि कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडू नये, असे तेथे म्हटले आहे. बत्तिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे डोंगरावरून परतायला उशीर करतो, लोकांचा धीर सुटतो आणि त्याचा भाऊ अहरोन त्यांच्या कानांतली सोन्याची कुंडले वितळवून वासरू करतो. म्हणजे मूर्ती घडते ती वाट पाहवेनाशी झाल्यामुळे. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातील सुतार एकाच झाडाच्या निम्म्या लाकडावर भाकरी भाजतो, मांस शिजवतो, शेकतो आणि उरलेल्या निम्म्याचा देव करून त्याला ‘मला वाचव’ म्हणतो. कर्मेल डोंगरावर संदेष्टा एलीया बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर बारा दगडांची वेदी रचतो, तिच्यावर चार घडे पाणी तीनदा ओतायला लावतो आणि मगच, देवाने वेदीवर आग पाठवावी, अशी प्रार्थना करतो. आग कोणी गुपचूप लावली, असे म्हणायला जागा राहू नये यासाठी.

यांतला सर्वांत बोलका प्रसंग बायबलमधील ‘२ राजे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे आणि तो फार कमी सांगितला जातो. मोशेने देवाच्याच आज्ञेवरून पितळेचा सर्प केला होता. सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून वाचत. पुढे लोक त्या सर्पालाच धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. देवाने दिलेली वस्तूही खोटे दैवत होऊ शकते, हा त्याचा अर्थ.

आज्ञांच्या क्रमांकात नेहमी घोटाळा होतो. गोव्यातील ख्रिस्ती बहुतांशी कॅथलिक आहेत. त्यांच्या मोजणीत वेगळे देव नकोत आणि मूर्ती नको ही दोन्ही वाक्ये पहिल्याच आज्ञेत येतात व लोभाविषयीची आज्ञा फोडून नववी आणि दहावी होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) वा पुण्याकडील प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती मूर्तीची आज्ञा दुसरी म्हणून वेगळी मोजतात. त्यामुळे ‘कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली’ असा आरोप होतो, तो चुकीचा आहे. मजकूर एकच, विभागणी निराळी.

गोव्यातील अंमलबजावणीचा इतिहास कठोर आहे. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, साष्टीतील प्रामुख्याने १५६७ मध्ये. मंगेशाचे लिंग १५६० मध्ये कुशस्थळीहून अंत्रुज महालातील (आजच्या फोंडा भागातील) प्रियोळला नेले गेले. हा महाल तेव्हा आदिलशाहीत होता. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाने तर ख्रिस्ती घरांत तुळस लावणे आणि मीठ न घालता भात शिजवणे यांवरही बंदी घातली. मीठ न घातलेल्या भातावर कोणाचा तारणाचा भरवसा असतो, हा प्रश्न फर्मान काढणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

हीच शिकवण मराठीत सांगण्याचा प्रयत्नही त्या काळात झाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेला जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला काहीतरी हवे होते. त्यांच्यासाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो आणि देवाला परमेश्वर. जुनी दैवते नाकारायची होती, पण ती नाकारायला भाषा जुन्या भक्तीचीच घ्यावी लागली.

चर्चमध्ये पुतळे असतात, मग तो निषेध कुठे गेला, असे गोव्यात हटकून विचारले जाते. उत्तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या डिसेंबर १५६३ च्या ठरावात आहे : प्रतिमेत दैवी शक्ती आहे म्हणून नव्हे, तर ती ज्याची आहे त्याला मान पोचतो म्हणून तिचा आदर करावा, मागणे प्रतिमेकडे मागू नये, भरवसा तिच्यावर ठेवू नये. शिकवताना आराधना आणि मान यांत फरक केला जातो. आराधना फक्त देवाची, संतांना मान, मरियेला, म्हणजे सायबिणीला, सर्व संतांहून अधिक मान, पण तोही मानच.

व्यवहारात ही रेघ आंगवणीच्या, म्हणजे नवसाच्या, वेळी पुसट होते. गावच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते तेव्हा खुरीस फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, स्तुतिमाला गातात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. यात दोष काहीच नाही. जुन्या गोव्याच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) हात, पाय, डोळे, मूल अशा आकाराचे मेणाचे अवयव विकत घेऊन वाहणे हेही कृतज्ञतेचे किंवा विनवणीचे चिन्ह म्हणून चालते. बिघडते ते हिशेबाने : नोव्हेनेत, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, एक दिवस चुकला म्हणून फळ गेले, प्रार्थनेच्या अमुक प्रती काढून वाटल्याच पाहिजेत, मेणबत्ती विझली म्हणजे नकार आला. बाह्य कृतीलाच गुण चिकटवणे ही अंधश्रद्धा, असे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २१११ सांगतो. परिच्छेद २११३ खोट्या दैवतांत सत्ता, सुखोपभोग, वंश, पूर्वज, राज्य आणि पैसा यांनाही बसवतो. त्यापुढचे परिच्छेद ज्योतिष, शकुन आणि ताईत यांना नकार देतात; घाड्याकडे (देवाचा कौल सांगणाऱ्याकडे) जाऊन कौल घेणे ख्रिस्ती माणसाला वर्ज्य, ते याच कारणाने.

गोमंतकीय हिंदू परंपरेलाही दगड म्हणजेच देव, असे म्हणायचे नसते. सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, शिरगावची देवी लईराई कलशाच्या. प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती कारागिराची वस्तू असते. चतुर्थीचा गणपती विसर्जनाचे मंत्र म्हटल्यावर पुन्हा माती ठरतो. देवाची मूर्ती आणि देवळाची पायरी एकाच पाषाणाची, हे यशयासारखेच निरीक्षण तुकोबांच्या एका अभंगात आहे, निष्कर्ष मात्र वेगळा : यशया मूर्ती टाकायला सांगतो, तुकोबा भाव हेच सार म्हणतात. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू भाविक तेल वाहतात आणि ती लईराईची बहीण मानली जाते. धर्मशास्त्राच्या चौकटीत हे नाते बसवता येत नाही, पण फेस्ताच्या दिवशी तेथे गर्दी दोन्हीकडची असते.

भंगलेल्या प्रतिमेचे काय करायचे याचे उत्तर दोन्हीकडे जवळपास सारखे आहे. आशीर्वादित पुतळा किंवा क्रूस मोडला तर तो कचऱ्यात न टाकता जाळतात किंवा स्वच्छ जागी पुरतात. ज्या ठिकाणी पायदळी येईल ती जागा टाळतात. हिंदू घरातील खंडित मूर्ती वाहत्या पाण्यात सोडतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नदीत टाकू नये.