स्थळ वेगळं आणि मॅच वेगळी, दोन्ही फोनवरच येत असली तरी

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला, "अगं तुला आठवड्यात चाळीस स्थळं आली म्हणे आणि एकही पसंत नाही?" मी आईला सांगितलं होतं की डेटिंग अ‍ॅपवर चाळीस मॅच झाल्यात, आणि सांगलीपर्यंत पोचता पोचता त्याची चाळीस स्थळं झाली. मावशीचं काही चुकलं नाही, तिच्या दृष्टीने फोनवर मुलाचा फोटो आला म्हणजे स्थळच आलं. पण त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने नेमकं उलटं केलं. तो चाकणला नोकरीला आहे, मॅट्रिमोनी साइटवर त्याचं नाव घातलंय, तिथे एका मुलीची प्रोफाइल आवडली म्हणून त्याने रात्री साडेअकराला मेसेज टाकला, "हाय, वीकेंडला काय करतेस?" सकाळी उत्तर आलं, "नमस्कार, मी मुलीचे वडील. आपण आपल्या पालकांचा नंबर द्यावा." तो दिवसभर कुणाशी धड बोलला नाही, आणि मला त्या वडिलांचंही वाईट वाटलं, कारण सकाळी चहा घेताना त्यांनी तो मेसेज वाचला असणार.

ही गल्लत फार घरांमध्ये होतेय आणि त्यात माणसं दुखावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी दोन्ही बाजू बघते. स्वतःसाठी डेटिंग अ‍ॅप वापरते आणि भावाची प्रोफाइल मीच चालवते (तो मेसेज तेवढा त्याने स्वतः टाकला होता).

आधी शब्दच बघा. स्थळ म्हणजे जागा. "मिरजेचं एक स्थळ आलंय, दोघं भाऊ, स्वतःचं घर, आई शिक्षिका," असं आपण बोलतो, म्हणजे गाव येतं, घर येतं, आई-वडील येतात आणि ज्याच्याशी जन्म काढायचा तो माणूस चौथ्या-पाचव्या वाक्यात येतो. मॅचमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे फक्त तो माणूस, त्यातही त्याचे फोटो, घर कुठे, कुणाचा कोण, काही माहीत नाही, आणि लग्न करायचंय का हेसुद्धा माहीत नाही. मॅच म्हणजे एवढंच की दोघांनी एकमेकांचा फोटो बघून अंगठा उजवीकडे सरकवला. कदाचित एकाने बसमध्ये उभ्याउभ्या सरकवला असेल. माझ्या मते सगळा फरक इथून सुरू होतो, स्थळाला लग्न आधीच ठरलेलं असतं आणि माणूस शोधायचा असतो, मॅचमध्ये माणूस समोर असतो आणि त्याला काय हवंय ते शोधायचं असतं.

दुसरं, प्रोफाइल कुणी लिहिली. मॅट्रिमोनी साइटवर एक रकानाच असतो, प्रोफाइल कोणी तयार केली, स्वतः, पालक, भावंडं, नातेवाईक, मित्र. भावाच्या प्रोफाइलवर तिथे 'बहीण' आहे. त्याचा बायोडेटा बाबांनी केलाय, वर गणपती, मग जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, उंची, पगार, खाली मामांचं आडनाव आणि गाव, 'स्थावर'मध्ये वडिलोपार्जित शेती आणि पुण्यात 1 बीएचके (कर्ज चालू). अपेक्षा या रकान्यात बाबांनी लिहिलंय 'अनुरूप, मनमिळाऊ.' माझ्या भावाला रात्री उशिरापर्यंत जागून जुने रेडिओ दुरुस्त करायचं वेड आहे, घरात सोल्डरिंगचा वास असतो, आणि हे त्या दोन पानांत कुठेच नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "ते कशाला लिहायचं, पत्रिका बघतात लोक." डेटिंग अ‍ॅपवर हेच सगळ्यात आधी आलं असतं. हिंजसारख्या अ‍ॅपवर प्रश्नांची छोटी उत्तरं लिहायची असतात, तिथे लोक रविवारी काय करतात, कशावरून भांडतात ते लिहितात, पण पगार, आई-वडील, आधी लग्न झालेलं आहे का, हे बहुतेक वेळा नसतं. म्हणजे एकीकडे कागदपत्रं आहेत आणि माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे पण त्याचं एकही कागदपत्र नाही.

दोन्हींचा जन्मही वेगळा आहे. मॅट्रिमोनी साइट ही आपल्या वधू-वर सूचक मंडळाचीच पुढची आवृत्ती. आधी मंडळाच्या जाड वह्या होत्या, रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती होत्या, मग 1990 च्या दशकाच्या शेवटी शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी वगैरे आल्या आणि तेच रकाने स्क्रीनवर गेले. डेटिंग अ‍ॅपमधलं टिंडर 2012 ला अमेरिकेत सुरू झालं, बंबल आपल्याकडे 2018 च्या शेवटी आलं, ही मुळात दोन अनोळखी माणसांची भेट व्हावी म्हणून बनवलेली, पुढे काय ते त्यांचं त्यांनी बघावं. आणि हा फरक सरकारनेही लिहून ठेवलाय. 2016 मध्ये केंद्र सरकारने मॅट्रिमोनी साइटसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात साइटने स्पष्ट जाहीर करावं असं म्हटलंय की ही साइट फक्त लग्न जुळवण्यासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, शिवाय नाव घालणाऱ्याकडून ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घ्यावा. आता मात्र दोन्हींचे चेहरे सारखे होत चाललेत. मॅट्रिमोनी अ‍ॅपवर 'टुडेज मॅचेस' लिहिलेलं असतं आणि डेटिंग अ‍ॅपवर 'लाँग टर्म पार्टनर' असा पर्याय असतो, मग मावशीची आणि भावाची गल्लत होणारच.

आता चाळीसचं. मुलीला आठवड्यात चाळीस मॅच म्हणजे तिला चाळीस मुलांनी मागणी घातली असं अजिबात नाही. या अ‍ॅपवर मुलं मुलींपेक्षा बरीच जास्त असतात, त्यामुळे मुलांना मॅच मिळत नाही, मिळत नाही म्हणून जी समोर येईल तिला उजवीकडे सरकवतात, प्रोफाइल वाचतसुद्धा नाहीत, (फुकटात रोज किती उजवीकडे सरकवता येतील यावर टिंडरने मर्यादा घातलीय तरीसुद्धा) आणि मग मुलीकडे ढीग लागतो. त्या चाळीसातल्या चौदा जणांनी एकही मेसेज केला नाही. नऊ जणांनी नुसतं 'हाय' केलं. सहा जणांशी दोन दिवसांपेक्षा जास्त बोलणं झालं, दोघांना भेटले. मुलाच्या बाजूने हेच चित्र महिनोन्महिने शांत फोन असं दिसतं, आणि मला तेही फार वाईट वाटतं, माझ्या ऑफिसमधला एक अतिशय सरळ मुलगा सहा महिने तिथे होता आणि त्याला वाटायला लागलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

स्थळाच्या बाजूलाही आकडा मुलांच्या विरोधातच आहे, पण कारण वेगळं आणि जास्त गंभीर. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 913 मुली होत्या. ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे नेमकी लग्नाच्या वयाची. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्या आज कुठल्या साइटवर दिसणार? त्यात शेतकरी मुलगा नको, गावात राहणारा नको ही अपेक्षा, त्यामुळे गावाकडच्या मुलांची तर कोंडीच झालीय. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या मुलांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता. पुष्कळ लोक हसले त्यावर. मला हसू नाही आलं.

मग नकार. मला वाटतं सगळ्यात जास्त जखमा इथे होतात. स्थळाचा नकार हा घराकडून घराला जातो आणि त्याची एक ठरलेली भाषा आहे, "कळवतो", "पत्रिका जुळत नाही", "मुलाचा एवढ्यात विचार नाही." 36 पैकी 18 गुण लागतात, बावीस जुळले तरी "एकनाड आहे हो" म्हणून, म्हणजे दोघांची नाडी एकच म्हणून, सांगता येतं. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली की पत्रिका ही नकाराला घातलेली मऊ गादी होती, मुलीला 'तू आवडली नाहीस' असं कुणाला म्हणावं लागत नव्हतं. (अर्थात कांदेपोह्याचा ट्रे घेऊन पंधरा वेळा बसलेल्या मुलीला ती गादी कितपत मऊ लागली ते तिलाच विचारायला हवं, माझ्या आत्येबहिणीने सोळाव्या वेळी साडी नेसायलाच नकार दिला होता.) मॅचमध्ये नकाराला भाषाच नाही. माणूस बोलायचा थांबतो, किंवा अनमॅच करतो आणि सगळं चॅटच गायब होतं. मी एकाशी तीन आठवडे रोज बोलत होते, त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, मी सकाळी विचारलं झालं का नीट, आणि संध्याकाळी बघितलं तर तो नव्हताच. ऑपरेशन कसं झालं ते मला आजही माहीत नाही. स्थळ असतं तर बाबांनी निदान मध्यस्थाला फोन केला असता. इथे विचारणार कुणाला?

जातीच्या बाबतीत लोक म्हणतात डेटिंग अ‍ॅप मोकळं आहे. अर्धं खरं. साइटवर जात, पोटजात, गोत्र रकान्यातच असतं, शहाण्णव कुळी आहे की नाही तेही विचारतात, 'जातीची अट नाही' असाही पर्याय असतो आणि तो निवडून फोनवर "तरी आपल्यातलंच बघतोय" म्हणणारे मला भरपूर भेटलेत. अ‍ॅपवर बहुतेक वेळा फक्त पहिलं नाव दिसतं. पण तिसऱ्या-चौथ्या मेसेजला "फुल नेम काय गं?" येतं, आणि त्या प्रश्नाचा अर्थ महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की तोपर्यंत थोडं बोलणं झालेलं असतं, आणि कधी कधी तेवढं पुरतं.

एका मित्राबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याला मुलगा जोडीदार हवाय. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा नात्यांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून त्यांना बाहेर काढलं, पण 2023 मध्ये लग्नाचा हक्क मान्य केला नाही. त्याच्यासाठी मॅच आहे, स्थळ नाही. त्याची आई अजून मुलींचे बायोडेटा पाठवते आणि तो प्रत्येक वेळी "बघतो" म्हणतो.

फसवणूक दोन्हीकडे आहे, फक्त रूप वेगळं. मॅट्रिमोनीवर लग्नाची आशा विकली जाते, परदेशातला डॉक्टर, महिनाभर गोड बोलणं, मग गिफ्ट पाठवलंय ते कस्टममध्ये अडकलंय, एवढे पैसे भर. डेटिंगवर भेट विकली जाते, मुलगी स्वतःच जागा सुचवते आणि तासाभरात हजारोंचं बिल येतं, अशा बातम्या दिल्ली-मुंबईहून येत असतात. पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात, लाजून दोन दिवस घालवू नका. आणि 'लग्न करू' हा शब्द हलका नाही हे मुलांनीही लक्षात ठेवावं, जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 69 आहे, इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रामाणिकपणे सुरू झालेलं नातं पुढे तुटणं ही वेगळी गोष्ट.

मग करायचं काय, तर जिथे जे नाही ते विचारायचं. मॅच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सरळ विचारावं, तुला लग्न करायचंय का, साधारण कधी, घरी माहिती आहे का. मुली घाबरतात की मुलगा पळेल. पळाला तर आठ महिन्यांनी पळण्यापेक्षा बरं. आणि स्थळ असेल तर पगार-फ्लॅट बाबांनी विचारलेलाच असतो, तो परत विचारू नका. दोघांनी घराबाहेर, मोठ्यांशिवाय, निदान तीनदा भेटावं आणि बायोडेटात नसलेलं विचारावं, राग आला की काय करतोस, पैसे कुणाला विचारून खर्च करतोस, आई आणि बायको यांच्यात वाद झाला तर तू कुठे उभा असशील, आणि सगळ्यात आधी हे की हे लग्न तुला हवंय की घरच्यांना. हा शेवटचा प्रश्न स्थळात कुणीच विचारत नाही कारण उत्तर हो आहे असं सगळे धरून चालतात.

त्या मुलीच्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला, भावाची ताई बोलतेय म्हणून सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "अहो मुलं आहेत, चालायचंच. पण प्रोफाइल मी बघतो हे त्याला कसं कळणार, मीच वर लिहायला हवं होतं." मग बाबांचं आणि त्यांचं बोलणं झालं, पत्रिका गेली, बावीस गुण आले. परवा शनिवारी भाऊ आणि ती कर्वे रोडला एका हॉटेलात भेटले, दोघंच. रात्री त्याचा फोन आला. मी विचारलं कशी आहे, तर उंची नाही, शिक्षण नाही, म्हणाला, "ताई, तिच्या आजोबांचा एक मर्फीचा रेडिओ बंद पडलाय, पुढच्या वेळी घेऊन येणारे."