अतिशीत क्रायोअ‍ॅब्लेशन : निलयातील लयदोषावरील चाचणी

हृदयाच्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात, उद्‌भवणाऱ्या घातक जलद लयीवर (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) दोषी ऊती गोठवून नष्ट करण्याचा उपचार. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर स्नायूत व्रण उरतो. त्या व्रणात तगून राहिलेल्या तंतूंमधून विद्युत्‌लहर संथपणे वाट काढते, बाहेर पडते आणि पुन्हा त्याच वाटेने आत शिरते. हे चक्र फिरू लागले की रक्तदाब कोसळू शकतो व प्रसंगी मृत्यू ओढवतो. छातीत बसवलेले आयसीडी यंत्र विजेचा झटका देऊन रुग्णाला वाचवते, परंतु चक्राची वाट तशीच राहते.

ती वाट मोडण्यासाठी रूढ पद्धतीत कॅथेटरमधून (रक्तवाहिनीतून हृदयात नेलेल्या बारीक नळीतून) रेडिओलहरी सोडून ऊती भाजतात. मात्र निलयाची भिंत जाड असते, व्रणातून उष्णता खोलवर पोहोचत नाही आणि धडधडत्या हृदयात कॅथेटरचे टोक सरकत राहते. गोठलेले टोक ऊतीला चिकटून बसते, हा शीतोपचाराचा मोठा फायदा. पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन त्यांची पटले फाटतात. म्हणून गोठवणे, वितळू देणे आणि पुन्हा गोठवणे असा क्रम ठेवतात. उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेत हे तंत्र १९७०च्या दशकापासून वापरात आहे. पुढे नायट्रस ऑक्साइडवर चालणारा क्रायोबलून (गोठवणारा फुगा) अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, लयदोषासाठी रुळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत, ७६२ रुग्णांमध्ये, तो रेडिओलहरींपेक्षा कमी ठरला नाही. निलयात मात्र वाहते ऊबदार रक्त थंडावा खोलवर जाऊ देत नाही. त्यामुळे −१९६ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या नायट्रोजनकडे वळावे लागले. अरुंद नळीत वायूचे बुडबुडे अडकून प्रवाह थांबू नये, म्हणून तो क्रांतिक बिंदूच्या (जिथे द्रव आणि वायू हा भेद उरत नाही त्या स्थितीच्या) आसपासच्या दाबाखाली खेळवतात.

नायट्रोजनवर चालणाऱ्या या कॅथेटरची ‘क्रायोक्युअर-व्हीटी’ ही चाचणी ९ केंद्रांत ६४ रुग्णांवर झाली. उपचार संपताच कृत्रिम ठोके देऊन तीच लय मुद्दाम चेतवून पाहण्यात आली. तपासलेल्या ५४ पैकी ५१ जणांत ती उद्‌भवली नाही. हा ९४ टक्क्यांचा आकडा लक्षवेधी असला, तरी खरा कस पुढच्या महिन्यांत लागतो : सहा महिन्यांनंतर ६०.३ टक्के रुग्ण या लयीपासून मुक्त होते आणि ८१ टक्के रुग्णांना आयसीडीचा झटका बसला नव्हता. उपचाराच्या मेजावर पुसली गेलेली लय घरी गेल्यावर परतू शकते, हे ९४ आणि ६०.३ टक्के या दोन आकड्यांतील अंतरावरून दिसते. चौघांना गंभीर प्रतिकूल घटना भोगाव्या लागल्या. त्या सर्व निवळल्या.

आयसीडी ठरावीक वेगापलीकडच्या लयीची नोंद आपोआप ठेवते, त्यामुळे निकाल रुग्णाच्या आठवणीवर विसंबत नाही. मात्र या चाचणीत तुलनागट नव्हता. सर्वांना एकच उपचार मिळाला. त्यामुळे गोठवणे भाजण्यापेक्षा सरस आहे, असा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही. त्यासाठी दोन्ही पद्धतींत रुग्णांची यादृच्छिक वाटणी करावी लागेल.