शालेय लष्करीकरण

मुलांच्या मनावर राजवटीविषयी निर्विवाद निष्ठा बिंबवण्यासाठी आणि त्यांना सैनिकी शिस्तीत घडवण्यासाठी हुकूमशाही सत्ता शाळा, क्रमिक पुस्तके व युवक संघटना यांचा जो योजनाबद्ध वापर करते, त्यास शालेय लष्करीकरण म्हणतात.

इटलीत 1926 मध्ये स्थापन झालेल्या ‘बालिल्ला’ संघटनेत आठ वर्षांपासूनची मुले काळा सदरा घालून कवायत करीत. 1930 पासून प्राथमिक शाळांना एकच सरकारी पाठ्यपुस्तक लागू झाले. जपानमध्ये 1925 पासून माध्यमिक शाळांत सेवेतील लष्करी अधिकारी नेमले गेले. नाझी राजवटीतील जर्मनीत तर मनोरुग्ण हे समाजावरचे ओझे आहेत असे ठसवण्यासाठी त्यांच्या देखभालीवर सरकारचा किती खर्च होतो, अशी उदाहरणे अंकगणितात घातली गेली. तथापि, तेथील यंत्रणेची खरी ताकद पुस्तकांपेक्षा मुलांच्या शाळेबाहेरच्या वेळेवर मिळवलेल्या ताब्यात होती. स्काउट आणि चर्चच्या युवक मंडळांचा बीमोड करून 1936 च्या कायद्याने ‘हिटलर युवक’ ही राज्याची संघटना ठरली व 1939 मध्ये 10 ते 18 वयाच्या मुलामुलींना तिचे सदस्यत्व सक्तीचे झाले. ऑक्टोबर 1944 मध्ये 16 वर्षांच्या मुलांनाही लोकसेनेत, म्हणजे युद्धाच्या अखेरीस नागरिकांतून उभारलेल्या सेनेत, भरती करण्यात आले.

असा ताबा नसला म्हणजे काय होते, हे खानदेशात दिसते. ब्रिटिश राजवट लोकांना उत्तरदायी नव्हती, पण सर्वंकषही नव्हती. अनुदान, मान्यता आणि शाळा तपासनीस यांच्या आधारे ती शाळांवर वचक ठेवी. शाळा सुटल्यानंतरचा वेळ मात्र तिच्या हाती नव्हता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. नंदुरबार येथे सप्टेंबर 1942 मध्ये मिरवणुकीवर झालेल्या पोलीस गोळीबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे साथीदार ठार झाले. राष्ट्रीय चळवळीनेही कोवळ्या वयाच्या मुलांना धोक्यात ओढले, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. मात्र त्या मिरवणुकीत सामील होण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती.

शालेय लष्करीकरणाची पद्धत इतिहासजमा झालेली नाही. रशियात 2016 मध्ये ‘युनार्मिया’ ही लष्करी वळणाची युवक संघटना स्थापन झाली आणि सप्टेंबर 2022 पासून शाळांत दर सोमवारी देशभक्तीपर संवादाचा तास घेतला जातो.