रॅस निवडताना आधी झोपण्याची जागा, मग रंग

रीफ टाकीसाठी, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, रॅस हे रंगीत समुद्री मासे बघायला आल्यावर नजर आधी रंगावर जाते, ते साहजिकच आहे. तरीही मासा बांधून घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: हा रात्री झोपतो कुठे? या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत, पण घरच्या टाकीपुरते पाहिले तर दोन तऱ्हा लक्षात ठेवल्या की पुरे. काही वाळूत शिरून झोपतात, काही दगडांच्या कपारीत. तळाला वाळू किती हवी आणि विलगीकरणाच्या टाकीत (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी) काय ठेवायचे, हे त्यावरूनच ठरते.

वाळूत झोपणारे

पिवळाधमक कॅनरी रॅस, मेलानुरस आणि ठिपक्यांचे लेपर्ड रॅस हे सगळे या गटातले. दिवे मंदावले की मेलानुरस तळाशी दोन-तीन घिरट्या घालतो, थोडा कलतो आणि डोके खाली करून एका झटक्यात वाळूत गडप होतो. मागे फक्त उडालेली धूळ दिसते. तळाला वाळू नसेल तर तोच झटका काचेवर बसतो. तोंड सोलवटते, मासा खाणे सोडतो आणि हळूहळू खंगत जातो.

वाळूचा थर ५ ते ७ सेंटीमीटर हवा आणि दाणा अर्धा ते एक मिलिमीटर. ४ फूट लांब, दीड फूट रुंद तळाला ५ सेंटीमीटर थरासाठी साधारण २७ लिटर, म्हणजे ३५ ते ४० किलो अॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू लागते. जाड, टोकदार कोरल चिप्स वापरू नका, त्यांनी अंग खरचटते. किनाऱ्यावरून पिशवीत भरून आणलेली वाळूही नको, तिच्याबरोबर तेल आणि घाण टाकीत येते. दगड आधी थेट तळावर पक्के बसवा आणि वाळू नंतर ओता. वाळूवर ठेवलेला दगड मासे खालून पोखरतात आणि तो घसरून काचेवर येतो.

नवा आणलेला मासा वाळूत शिरला की दोन-तीन दिवस, कधी आठवडाभरही वर येत नाही. दूरच्या समुद्रातून आलेल्या माशाचे दिवसरात्रीचे घड्याळ आपल्या दिव्यांशी जुळायला वेळ लागतो. काठीने वाळू उकरून शोधू नका, तो आणखी घाबरतो.

लेपर्ड रॅसबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: सहा महिन्यांहून नव्या टाकीसाठी तो घेऊच नका. हा मासा दिवसभर दगडांवरचे बारीक जीव टिपत असतो. टाकीत कोपेपॉड्सची (अशा बारीक कवचधारी जीवांची) वस्ती बसलेली नसेल तर दिवसातून तीनदा खाऊ घालूनही त्याचे पोट पाठीला लागते. घेण्यापूर्वी तो गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खातो का, हे आमच्याकडे समोर उभे राहून बघा.

कपारीत झोपणारे

फेअरी, फ्लॅशर आणि पॉसम रॅसला वाळू असली-नसली तरी चालते. त्यांना दगडांत शिरायला अरुंद फटी हव्यात. फेअरी आणि फ्लॅशर रात्री अंगाभोवती चिकट स्रावाचे आवरण विणतात. सकाळी दगडाला पातळ, पारदर्शक पिशवीसारखा तुकडा लटकलेला दिसला तर घाबरू नका, तो रोग नाही.

पॉसम जेमतेम ५-६ सेंटीमीटरचा, म्हणून लहान टाकीतही राहतो. मॅककॉस्करसारख्या ७-८ सेंटीमीटरच्या फ्लॅशरला ३ फुटांची टाकी पुरते. फेअरीला ४ फूट हवेत, कारण तो दिवसभर मोकळ्या पाण्यात पोहतो.

हे मासे आधी मादी असतात आणि नंतर त्यांतले काही नर होतात. दोन-तीन माद्या एकत्र ठेवल्या तर त्यांतली सर्वांत दांडगी काही आठवड्यांत रंग बदलून नर होऊ शकते. म्हणून एका जातीचा एकच नर घ्या आणि माद्या ठेवायच्या असतील तर त्या नराच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच सोडा.

कोण कोणाबरोबर नांदतो

भांडण होते ते सारख्या अंगकाठीच्या आणि सारख्या रंगाच्या माशांत. म्हणून प्रत्येक प्रकाराचा एकच घ्या. साधारण २४० लिटरच्या, ४ फुटी टाकीत एक पॉसम, एक फ्लॅशर नर, एक फेअरी आणि एक कॅनरी, असे चौघे नीट नांदतात. सोडायचा क्रमही हाच, म्हणजे गरीब स्वभावाचा आधी आणि दांडगा शेवटी. दोघांमध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा.

सिक्सलाइन रॅस दिसायला गोड आणि किमतीला परवडणारा, पण एकापेक्षा जास्त रॅस ठेवायचे असतील तर तो घेऊ नका. टाकीत रुळला की नंतर येणाऱ्या प्रत्येक लहान माशाच्या मागे लागतो, आणि त्याला पकडायचे म्हणजे सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

विलगीकरण संपल्यावरही नवा मासा थेट सोडू नका. भोके पाडलेल्या अॅक्रिलिकच्या डब्यात तीन ते सात दिवस टाकीतच टांगून ठेवा. वाळूत झोपणारा असेल तर डब्याच्या तळाशीही वाळू घाला. जुने मासे डब्यावर धडका मारायचे थांबले आणि नवा खायला लागला की संध्याकाळी, दिवे मंद असताना मोकळा करा. नर समोरासमोर पर पसरून क्षणभर चमकतात, ते चालायचेच. पण फाटलेले पर, वरच्या कोपऱ्यात अडकून राहणे आणि खायच्या वेळी बाहेर न येणे ही लक्षणे चौथ्या दिवशीही दिसली तर नव्या माशाला परत डब्यात घ्या.

रीफसाठी आम्ही सुचवत नाही ते

कोरिस गायमार्डचे पिल्लू नारिंगी-लाल, पाठीवर पांढरे पट्टे, म्हणून सगळ्यांना हवे असते. तोच मासा मोठेपणी वेगळ्या रंगाचा आणि ४० सेंटीमीटरपर्यंतचा होतो, दगड उलथतो, गोगलगायी आणि खेकडे फोडून खातो. क्लीनर रॅसही नको. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी आणि स्राव हेच त्याचे अन्न, त्यामुळे घरच्या टाकीत तो बहुधा उपाशी मरतो. शिवाय हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक ब्लेनी मासा इतरांचे पर कुरतडतो. ओळख अशी: खऱ्याचे तोंड नाकासमोर टोकाला असते, नकली माशाचे खालच्या बाजूला.

मोठा झालेला मेलानुरस बारीक कोळंबी आणि फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखे समुद्री किडे) खाऊ शकतो, हे धरून चाला.

विलगीकरण आणि खाणे

नवा रॅस मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी चार आठवडे वेगळा ठेवा. वाळूत झोपणाऱ्यासाठी प्लास्टिकच्या घमेल्यात ७ सेंटीमीटर वाळू भरून ठेवा. तांब्याचे औषध द्यायचे असेल तर ही वाळू सिलिकाची हवी. अॅरागोनाइट तांबे शोषून घेते आणि औषधाची मात्रा उतरत जाते. मात्रा रोज मोजा. ती वाळू पुन्हा रीफ टाकीत टाकू नका, तांब्याने प्रवाळ आणि गोगलगायी मरतात.

खाणे दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे. पाण्याचे तापमान २५-२६ अंश, क्षारतेचे विशिष्ट गुरुत्व १.०२५. उन्हाळ्यात पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरते, पण कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो, तिथे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतो.

समुद्रातून काढलेला प्रवाळ किंवा दगड कोणी देऊ केला तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. सिरॅमिक दगडांतही रॅसला हव्या तशा कपारी मिळतात.

झाकण

रॅस टाकीबाहेर उडी मारतात, सगळेच. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे दिवे एकदम जाणे. ६ मिलिमीटर चौकटीची जाळी फ्रेमवर ताणून बसवा. काचेचे झाकण उष्णता कोंडते, जाळीतून हवा खेळती राहते. पाइप आणि वायर जातात तिथली बोटभर फटसुद्धा बुजवा, मासा नेमका तिथूनच निघतो. दिवे अर्ध्या तासात हळूहळू मंद होतील असे लावा. वीज जाते त्या भागात इन्व्हर्टरवर एक मंद निळा दिवा आणि एक वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारा पंप) ठेवा.

रॅस दिसेनासा झाला तर आधी टाकीमागची जमीन बघा, मग ओव्हरफ्लोची पेटी (जिच्यातून पाणी खाली उतरते), मग सम्पमधली, म्हणजे खालच्या गाळण-टाकीतली, गाळणी. तिथे सापडला नाही आणि तो वाळूत झोपणारा असेल तर वाळूला हात न लावता आठवडाभर वाट बघा.