प्रकाशवर्ष म्हणजे काळ नव्हे

‘कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी तू भेटली होतीस...’ खान्देशातल्या कविसंमेलनांत अशी ओळ हमखास कानावर येते, टाळ्याही मिळतात. नवख्या विज्ञानकथांतला नायकही ‘शंभर प्रकाशवर्षे झोपून’ उठतो.

नावात ‘वर्ष’ आहे म्हणून हा घोळ. प्रकाशवर्ष हे अंतर आहे: सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावणारा प्रकाश वर्षभरात जेवढा पल्ला गाठतो तेवढं, म्हणजे साधारण 9.46 लाख कोटी किलोमीटर. खरं तर ही रीत आपल्याला नवी नाही. जळगावात विचारा, “भुसावळ कितलं लांब शे?” उत्तर येतं, “अर्धा तास.” किलोमीटर कुणी सांगत नाही. पण म्हणून ‘अर्ध्या भुसावळापूर्वी जेवलो’ असंही कुणी म्हणत नाही ना!

गंमत अशी, की खरी गोष्ट चुकीपेक्षा जास्त काव्यमय आहे. व्याधाचा तारा सुमारे 8.6 प्रकाशवर्षं दूर आहे. आज रात्री केळीच्या बागेत पाणी भरताना दिसणारा त्याचा उजेड तिथून निघाला, तेव्हा आता पाचवीत असलेली पोरगी रांगण्यातून चालायला शिकून नुकती पळू लागली होती.